पावसाआड गेलेला वारा

हवामान कचेरी, बंदर रस्ता
४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

फोनवर तू "बरं चाललंय" याच्या पलीकडे जात नाहीस, म्हणून पत्र लिहायला घेतलं. कॉलेजात एका बाकावर बसून चिठ्ठ्या लिहायचो, तसंच समज. तुला भावासाठी मी पसंत केलं याची शिक्षा म्हणून तू अबोला धरला असशील, तर ते चालायचं नाही.

इथे सगळं झकास. दादाच्या उपग्रहाने काढलेला समुद्रावरच्या वाऱ्याचा नकाशा आता रोज दोनदा थेट माझ्या टेबलावर येतो. इतकी वर्षं आमच्याकडे होतं काय? किनाऱ्यावर बॅरोमीटर, गच्चीवर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या, सकाळ-संध्याकाळ वर सोडलेला एक फुगा. पुढचा सगळा समुद्र अंदाजपंचे. एखादं जहाज वाटेत असलं आणि त्याने कळवलं तर कळवलं. आता आख्खा समुद्र बाणांनी भरलेला दिसतो. पहिल्या दिवशी माझा चहा गार झाला तरी मी बघतच बसले होते. बंदरमास्तरांना हाताला धरून आणलं आणि दाखवलं. "माझ्या भावाचं काम," हे वाक्य मी हल्ली दिवसातून किती वेळा म्हणते ते विचारू नकोस. कचेरीतले लोक मला बघून वाट बदलतात.

एक बारीकसं विचारायचं होतं. मागच्या आठवड्यात इथे धो धो पाऊस आणि वादळी वारा झाला. माझ्या वाट्या गरगरत होत्या, मासळीबाजाराच्या शेडचे पत्रे उडाले, आणि नकाशा म्हणत होता की वारा बेताचाच आहे. त्याआधीही एकदा असंच झालं होतं. बहुतेक वाट्याच जुन्या झाल्यात. नव्या मागवायचा विचार आहे. पण जेवताना सहज दादाच्या कानावर घाल.

तुझी
वन्सं (तूच मला चिडवायला म्हणतेस, म्हणून)


अंतराळ संस्थेची वसाहत
१३ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

वाट्या बदलू नकोस. त्यांना काही झालेलं नाही.

उपग्रह वारा बघत नाही, पाणी बघतो. वरून रडारच्या लहरी सोडतो. वाऱ्याने पाणी खडबडीत झालं की जास्त प्रतिध्वनी परत येतो, गुळगुळीत असलं की कमी. त्यावरून वाऱ्याचा हिशेब. कल्पना साधी आहे आणि खरोखर सुंदर आहे. पण मध्ये दाट पाऊस असला की थेंब तो प्रतिध्वनी गिळून टाकतात. उपग्रहाला वाटतं, खाली पाणी शांत आहे. म्हणजे वादळ जिथे सगळ्यात भयंकर, तिथेच नकाशा सगळ्यात भाबडा.

मला हे बघताक्षणी ओळखीचं वाटलं. शुक्रावर मी दुसरं केलं काय? त्याचे ढग इतके दाट की जमीन कधी डोळ्यांना दिसायची नाही. रडार लावावं, तर ती जड हवा निम्म्या लहरी खाऊन टाकते. मग हवेने किती खाल्लं ते शोधायचं, तेवढं परत जमेला धरायचं, आणि मग कुठे खालचे डोंगर दिसायला लागतात. तीच रीत मी समुद्रावरच्या पावसाला लावली. लागू पडली. दुरुस्ती तयार आहे, तुझ्या दादाकडे दिली आहे. बघेल.

बाकी इथे उपग्रहाच्या वर्षपूर्तीची धामधूम. ऑक्टोबरात परदेशी पाहुणे येणार, आपला वाऱ्याचा डेटा घेणार. झाडांच्या बुंध्यांना रंग मारलाय. कॅन्टीनमध्ये उपग्रहाच्या आकाराचा केक व्हायचाय, त्यासाठी बैठक झाली. थट्टा करत नाही. केकचे सौरपंख बिस्किटाचे की साखरेचे यावर दोन शास्त्रज्ञ हमरीतुमरीवर आले, आणि त्यातला एक असा की ज्याच्या बुद्धीपुढे मी एके काळी मान झुकवायची. आमचा शुक्राचा विभाग बंद झाला हे तुला माहीत आहे. त्या खोलीत आता पाहुण्यांसाठी जांभळे सोफे मांडलेत. मला भांडारघराच्या शेजारी टेबल मिळालंय. येता-जाता ते सोफे दिसतात आणि मी मान फिरवून पुढे जाते.

तुझी
वहिनी


हवामान कचेरी
२५ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. रागावू नकोस, पण थोडं स्पष्ट बोलते. शुक्राचा विभाग गेला याचं दुःख मी समजू शकते. पण म्हणून सोफ्यांवर, केकवर, सगळ्यांवरच राग काढायचा का? वर्ष-वर्ष खपून लोकांनी एक यंत्र आकाशात ठेवलं, ते चालतंय, त्यांना एक दिवस केक खाऊ दे.

दादाचंही पत्र आलं. आश्चर्यच. तो म्हणतो, तू दमली आहेस, झोपत नाहीस, कुणाशी नीट बोलत नाहीस. त्याने लिहिलंय, "तिला शुक्रावरून खाली उतरवायला वेळ लागतोय." मला हसू आलं. तो लहानपणापासून असाच. ओल्या बोटाने वारा कसा ओळखायचा ते त्यानेच मला शिकवलं, आणि शिकवतानाही थट्टा चालूच. त्याच्या मनात काही नसतं.

दुरुस्ती तो बघेलच. त्याचं काम किती पसरलंय ते तुलाच जास्त ठाऊक. परवा बंदरमास्तर विचारत होते, "बाई, नकाशावर कितपत भरवसा ठेवायचा?" मी म्हटलं, "डोळे मिटून ठेवा. माझ्या भावाचा उपग्रह आहे."

वेळेवर जेव. झोप.

तुझी
वन्सं


वसाहत
६ सप्टेंबर

वन्सं,

बंदरमास्तरांना जाऊन सांग की डोळे उघडे ठेवा.

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून काही झाकलं होतं, कारण तो तुझा भाऊ आहे. आता झाकत नाही. दुरुस्ती मी त्याला जूनमध्येच दिली होती. परवा जेवताना विचारलं.

"पावसाची दुरुस्ती बघितलीस?"

"बघितली. चांगलं काम आहे."

"मग लावायची कधी?"

"पाहुणे गेले की."

"मध्ये वादळ आलं तर?"

"आलं तर आलं. हवामान खात्याची माणसं आहेत ना."

"तीच माणसं तुझ्या नकाशावर बुलेटिन काढतात."

मग त्याने घास खाली ठेवला. "आपण जगाला सांगितलंय की या वाऱ्यात चूक नाही. पाहुण्यांच्या तोंडावर माझीच बायको उठून सांगणार, की पावसात हा आंधळा होतो?" मी काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "तू हे आत्ताच का उकरून काढतेस ते मला कळतं. तुझा शुक्र गेला, आता माझं काही धड राहू द्यायचं नाही."

एवढं बोलून तो पुन्हा जेवायला लागला. शांतपणे. त्याचं चावणं मला ऐकू येत होतं. जेवण झाल्यावर बेसिनच्या आरशासमोर उभा राहून त्याने भाषणातलं हसू करून बघितलं. दात दाखवून एकदा, ओठ मिटून एकदा. मला विचारलं, कुठलं बरं. वन्सं, इतकी वर्षं संसार केला, भांडले, रुसले, पण अशी किळस मला त्याची कधी आली नव्हती. भांडण झालं की माणूस निदान समोर असतो. किळस आली की त्याच्या ताटाशेजारी ताट ठेवणं जमत नाही.

सोमवारी कामावर गेले तर माझा पासवर्ड बंद. तिथला कारकून म्हणाला, "मॅडम, साहेबांनी सांगितलंय तुम्ही रजेवर आहात."

"मी तुमच्यासमोर उभी आहे."

"हो, पण रजेवर आहात."

त्याने मान खाली घातली. त्याला बिचाऱ्याला लाज वाटली. ज्याला वाटायला हवी तो शिंप्याकडे गेला होता.

आणि त्याच्या त्या विनोदावर तू हसलीस हे मला लागलं. ते मनात ठेवत नाही, म्हणून लिहिलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

वहिनी


हवामान कचेरी
१४ ऑक्टोबर

वहिनी,

मी उत्तर दिलं नाही. तुझ्या पत्राचा मला राग आला होता. वाटलं, नवरा-बायकोच्या भांडणात तू मला ओढतेस आणि माझ्या भावाला माझ्या नजरेतून उतरवतेस. महिनाभर ते पत्र मी उशीखाली घेऊन झोपले आणि दर सकाळी ठरवलं की हे खरं नाही.

वादळाच्या दिवशी तुझा फोन आला नसता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. तू कॅन्टीनमधून बोलत होतीस, मागे भांड्यांचा आवाज होता. तू म्हणालीस, "नकाशात तुझ्या दक्षिणेला जो पावसाचा पट्टा आहे, त्यातला वारा खोटा आहे. मी एकाच्या पडद्यावर मूळ प्रतिध्वनी बघितले. ते मध्यम वादळ नाही." आणि फोन तुटला. तू ठेवलास की कुणी ठेवायला लावला ते अजून माहीत नाही. त्यानंतर इथे काय झालं ते सांगते.

सकाळचं बुलेटिन समोर होतं: वादळ मध्यम, किनाऱ्यापासून दूर. आणि बॅरोमीटर खाली खाली चालला होता. इतका झरझर उतरताना मी तो पूर्वी पाहिला नव्हता. मी दादाला फोन लावला. सोहळ्याचा दिवस होता, तरी त्याने घेतला.

"दादा, तुझा नकाशा आणि माझा बॅरोमीटर जुळत नाहीत."

"कुणी सांगितलं? तिने?"

"बॅरोमीटरने."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघ, बुलेटिनच्या बाहेर जाऊ नकोस. आज नको. उद्या काय करायचं ते कर."

वहिनी, मला वाटलं होतं तो म्हणेल, तुझं यंत्र चुकतंय, तू चुकतेयस, काहीही. तो तसं म्हणाला नाही. त्याला माहीत होतं. "आज नको" म्हणाला. रिसिव्हर हातात धरून मला उलटी आली. मोरीपर्यंत पोचले नाही, कचऱ्याच्या टोपलीत ओकले.

मग बंदरमास्तरांकडे गेले आणि सगळ्यात मोठ्या धोक्याचा बावटा लावा म्हटलं.

"बाई, बुलेटिनमध्ये हे नाही."

"नाही."

"मग कुणाच्या हुकमाने?"

"माझ्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नोकरी जाईल."

"जाईल."

"तुमची नाही, माझी," ते म्हणाले, आणि बावटा लावायला उठले. होड्या निघायच्या बेतात होत्या. मासेमारांनी आम्हा दोघांना तोंडावर शिव्या घातल्या. एक म्हातारा म्हणाला, "बाईंना पडसं झालं की बावटा लागतो." पण कुणी गेलं नाही.

मी शेजारच्या बंदरातल्या कचेरीलाही फोन केला. तिथला अधिकारी चांगला माणूस आहे, माझ्याशी अदबीने बोलतो. तो म्हणाला, "मॅडम, तुमचे बंधूच मध्यम म्हणतायत, मग आम्ही कोण?" तिथल्या होड्या गेल्या.

दुपारपासून जे झालं ते लिहीत नाही, पेपरात आलंय. त्यांच्या दोन होड्या परतल्या नाहीत. सात माणसं मिळाली, चार मिळाली नाहीत. मिळालेल्यांना बर्फाच्या कारखान्यात ठेवलं होतं, मासळीच्या पाट्या बाजूला सारून. मी तिथे गेले. का गेले सांगता येत नाही. डिझेल, मासळी आणि ते, असा एकत्र वास. माझ्या साडीतून तो जात नाही, दोनदा धुतली.

तिथे एक बाई होत्या, गावातल्या शाळेत गणित शिकवतात. त्यांचा नवरा होडीवर इंजिन बघायचा. रडत नव्हत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या बंदरात बावटा लागला होता म्हणे. तुम्हाला कळलं होतं, मग आम्हाला का नाही कळलं?"

मी काय सांगायचं होतं, वहिनी?

तुझी
वन्सं


नोकरदार महिलांचं वसतिगृह
२० ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

वर पत्ता बदललाय, तो बघून घे. खोली लहान आहे, खिडकी मोठी आहे.

फोन मी ठेवला नाही. सुरक्षारक्षकाने बटण दाबलं. मग मला अदबीने "चला मॅडम" म्हणून सभागृहात नेऊन बसवलं, पहिल्या रांगेत, संचालकांच्या पत्नीच्या, म्हणजे माझ्याच, जागेवर. समोर भिंतभर पडदा, आणि त्यावर तेच वादळ. त्याला निळे-हिरवे-केशरी रंग दिले होते. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. केशरी रंग फिरला की "वा" म्हणायचे. त्या केशरी रंगाखाली माणसं होती.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, "या वादळाच्या मधल्या भागात दाट पाऊस आहे. तिथला वारा किती कमी दाखवला जातोय ते पाहुण्यांना सांगाल का?" तुझ्या दादाने ओठ मिटून हसू आणलं. म्हणजे तेच पसंत केलं होतं. म्हणाला, "माफ करा, माझी पत्नी बरीच वर्षं शुक्रावर राहून आली आहे. पृथ्वीवरचा पाऊस तिला अजून सवयीचा नाही." आणि सगळे हसले. ज्यांनी माझी दुरुस्ती वाचली होती तेही. केकवरून भांडणाऱ्याने तर डोळे पुसले हसता हसता. मी दारातून बाहेर पडले तेव्हा आत केक कापत होते.

दुसऱ्या दिवशी तुमच्या बंदराची बातमी आली. एकही होडी गेली नाही, एकही माणूस दगावला नाही. तासाभरात संस्थेचं पत्रक निघालं: उपग्रहाच्या अचूक इशाऱ्यामुळे बंदर वाचलं. मी ते त्याच्या तोंडावर वाचून दाखवलं. "आणि शेजारचं?" विचारलं. तो म्हणाला, "तिथल्या अधिकाऱ्याने इशारा नीट वाचला नाही."

मी बॅग भरली. त्याने अडवलं नाही. एवढंच म्हणाला, की निदान महिनाअखेरपर्यंत थांब, लोक काय म्हणतील.

आता तुला बोलावणं येईल. तुझा सत्कार ठरतोय.

तुझी
वहिनी


हवामान कचेरी
९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

आजच्या टपालात दोन पाकिटं आली. एक हवामान खात्याचं: अधिकृत बुलेटिन डावलून परस्पर बावटा लावल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये. दुसरं संस्थेचं, जाड कागद, सोनेरी कडा: बंदर वाचवल्याबद्दल तुमचा गौरव. आत दादाच्या हातची ओळ, "माझ्या बहिणीचा मला अभिमान आहे." दोन्ही एकाच पोस्टमनने एकाच सहीवर दिली.

सोनेरी पाकीट फाडायला घेतलं होतं. तेवढ्यात शाळेतल्या बाई आल्या. मधूनमधून येतात. फार बोलत नाहीत. नकाशा कसा बनतो, बुलेटिन कोण काढतं, असं विचारतात. मी त्यांना तुझी सगळी पत्रं वाचून दाखवली. तुला न विचारता. त्या म्हणाल्या, "फाडू नका. या पाकिटावर दोघींना आत सोडतील का?"

जाऊ का?

तुझी
वन्सं


वसतिगृह
१५ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

पत्रं वाचून दाखवलीस ते बरं केलंस. जा. मी येत नाही. मला दारातच अडवतील आणि सगळ्यांचं लक्ष माझ्यावर जाईल. नवरा-बायकोचं भांडण म्हणून तो ते सहज खपवेल. बहिणीचं तसं खपवता येणार नाही.

तिथलं काही खाऊ नकोस.

वहिनी


हवामान कचेरी
३० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

गेलो. तुझ्या जांभळ्या सोफ्यांवर आम्हाला बसवलं. दादा आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या हाताला छान साबणाचा वास येत होता. मला बर्फाचा कारखाना आठवला आणि मी मान काढून घेतली.

मंचावर त्याने माझ्या हातात चांदीचा उपग्रह ठेवला आणि दोन शब्द बोल म्हणाला. मी माइक धरला. म्हटलं, "उपग्रहाने मध्यम वादळ सांगितलं होतं. खरं सांगितलं ते माझ्या वहिनीने. तिची दुरुस्ती जूनपासून यांच्या टेबलावर पडून आहे." पण पहिल्या शब्दानंतरच माइक बंद झाला होता. माझे ओठ हलत होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं मी आभार मानतेय. दादाही वाजवत होता. तो जवळ होता, त्याला सगळं ऐकू आलं होतं. तरी वाजवत होता, माझ्याकडे बघत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: बहिणीला भावना अनावर.

इतका ओशाळवाणा क्षण माझ्या आयुष्यात आला नव्हता. चांदीचं ते खेळणं हातात घेऊन मी खाली उतरले, आणि माझं मलाच घाणेरडं वाटलं.

पण शाळेतल्या बाई माइकवर विसंबल्या नाहीत. चहाच्या वेळी वार्ताहर दादाभोवती गोळा झाले, तशा त्या सरळ मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. वर्गात बोलतात तशा, सावकाश.

"तुमच्या उपग्रहामुळे ते बंदर वाचलं?"

"हो," दादा म्हणाला.

"त्याच्या शेजारचं बंदर आमचं. उपग्रह दोन आहेत का?"

"नाही, एकच."

"मग एकाच उपग्रहाने एका बंदराला थांबा सांगितलं आणि दुसऱ्याला जा सांगितलं?"

तो म्हणाला, "आपण नंतर बोलू." त्या म्हणाल्या, "नंतर माझे मिस्टर येणार नाहीत." वार्ताहरांनी पेनं काढली. बाईंनी आवाज चढवला नाही. पावसात प्रतिध्वनी कसा गिळला जातो ते तू लिहिलं होतंस तसं सांगितलं, आणि विचारलं, की हे जूनमध्ये लक्षात आणून देणाऱ्या शास्त्रज्ञ आज रजेवर का आहेत. दादा माझ्याकडे बघायला लागला. मी मदतीला यावं असं त्याच्या डोळ्यांत होतं. लहानपणी काच फोडली की असाच बघायचा.

मी म्हटलं, "बाई म्हणतात ते खरं आहे. मी त्या दिवशी याला फोन केला होता."

तुझी
वन्सं


वसतिगृह
११ मार्च

प्रिय वन्सं,

चौकशीचा अहवाल आला. तू वाचला असशील, तरी लिहिते. निष्कर्ष: "संवादातील त्रुटी." चूक कुणाचीच नाही, संवादाची. तो कोण, कुठे राहतो, कुणाला माहीत. अकरा माणसं त्याने मारली. शेजारच्या बंदरातल्या त्या भल्या अधिकाऱ्याची बदली झाली. तुला लेखी समज. आणि तुझ्या दादाला बढती. आता तो मुख्यालयात सल्लागार आहे. सत्य असं उघड्यावर आलं तरी माणसं ते ओलांडून जेवायला जातात, हे बघून जो उबग आलाय तो कमी होत नाही.

पण एक झालं. दुरुस्ती लावली. लावावीच लागली, पेपरात आल्यावर पाहुण्यांनीच मागितली. नकाशावर दाट पावसाच्या जागी आता तिरप्या रेघा येतात आणि आतला वारा सुधारून दिलेला असतो. बारा नावं आहेत त्या कामावर, माझं आठवं. केकवरून भांडणाऱ्याचं तिसरं.

मला पुन्हा कामावर घेतलंय. टेबल भांडारघराशेजारीच. आणि तुला एक सांगते, हे कुणाला सांगितलेलं नाही. समुद्रावरच्या पावसाने मला एक नवी गोष्ट शिकवली: थेंब लहरी नुसते गिळत नाहीत, थोड्या विखरूनही टाकतात. ते धरून मी शुक्राचे जुने प्रतिध्वनी परत काढले. जिथे आम्ही सपाट मैदान समजत होतो, तिथे एका डोंगराची कड दिसतेय. कित्येक वर्षं तिथेच होती. काम सुंदर आहे, वन्सं. ते करणाऱ्या हातांकडे बघायचं नाही, एवढंच.

घटस्फोटाचे कागद त्याने सही करून पाठवले. सोबत सोहळ्याचा अल्बम.

तुझी (वहिनी म्हणायचं की नाही ते तू ठरव)


हवामान कचेरी
२४ मे

प्रिय वहिनी,

ठरवायचं काय त्यात? कागद त्याच्याशी झालेत, माझ्याशी नाहीत.

मंगळवारी मोठं वादळ येऊन गेलं. दोन दिवस आधीच नकाशावर तिरप्या रेघा उमटल्या आणि आतला आकडा मी दोनदा तपासला. बुलेटिनमध्ये तोच आकडा. सगळ्या बंदरांत बावटे लागले, शाळेतल्या बाईंच्याही. वादळ आलं, धिंगाणा घालून गेलं, आणि कुणी मेलं नाही. पेपरात चार ओळी. तुझं नाव नाही. न मेलेल्या माणसांची बातमी होत नाही. बाईंनी फोन केला, "सगळे घरी आहेत," एवढंच म्हणाल्या आणि बराच वेळ ठेवला नाही.

मग दादाचा फोन आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. जणू काही झालंच नाही, असा मोकळा, प्रेमळ आवाज. "बघितलंस ना? अगदी अचूक. शेवटी माझाच उपग्रह."

मी बोलले नाही. त्याला वाटलं लाइन खराब आहे, म्हणून त्याने तेच पुन्हा म्हटलं.

मी फोन ठेवला, मोरीत गेले आणि साबण लावून कान धुतला. शिपाई दारात उभा होता. विचारलं, "काय झालं, बाई?"

म्हटलं, "काही नाही. घाण लागली होती."

तुझी
वन्सं